मलाक्काचे मुन्शी अब्दुल्ला



मुन्शी हा शब्द आपल्याला नवीन नाही. कचेरीत अर्ज लिहून देणारा, व्यापाऱ्याची पत्रे वाचून दाखविणारा, साहेबाला हिंदुस्थानी शिकविणारा मुन्शी आपल्या वाडवडिलांच्या गोष्टींतून आपण ऐकलेला असतो. असे मुन्शी हजारो झाले. जन्मभर दुसऱ्यांची पत्रे त्यांनी लिहिली आणि आपले नावही मागे न ठेवता ते निघून गेले. आज ज्यांची ओळख आपणांस करून द्यावयाची आहे, ते मुन्शी मात्र वेगळे होते. दुसऱ्यांची पत्रे लिहिता लिहिता त्यांनी आपल्या काळाची हकीकत लिहून ठेवली, आणि ती मागे राहिली म्हणून त्या काळचे मलाय जग आज आपल्याला त्या मुलखातल्याच एका माणसाच्या नजरेने पाहता येते. त्यांचे नाव अब्दुल्ला बिन अब्दुल कादिर. मलाय देशांत ते मुन्शी अब्दुल्ला म्हणून ओळखले जातात.

त्यांची कहाणी समजण्यासाठी प्रथम त्यांचे गाव समजून घेतले पाहिजे. नकाशा उघडा. मलाय द्वीपकल्प आणि सुमात्रा बेट यांच्यामध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसेल. तिच्या काठी मलाक्का वसले आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात सारा व्यापार वाऱ्याच्या हाती होता. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर हिंदुस्थान आणि अरबस्तानची गलबते तेथे पोहोचत, ईशान्येच्या वाऱ्यावर चीनची येत. परतीचा वारा सुटेपर्यंत सगळ्यांनाच थांबावे लागे. त्या थांबण्यातूनच मलाक्काची बाजारपेठ उभी राहिली. गुजरातचे आणि चोळमंडळचे कापड, मोलुक्काची लवंग, बांदा बेटांचे जायफळ, चीनचे रेशीम आणि चिनी मातीची भांडी असा माल तेथे हातोहात बदलत असे. सोळाव्या शतकाच्या आरंभी तेथे राहिलेल्या तोमे पिरेश ह्या पोर्तुगीजाने त्या बंदरात येणाऱ्या व्यापाऱ्यांची यादी लिहून ठेवली आहे. आपणांस नवल वाटेल, त्या यादीत चौल, दाभोळ आणि गोवा येथील लोकही आहेत. म्हणजे आपल्या कोकणपट्टीला मलाक्काची वाट त्या काळीही माहीत होती.

हे वैभव परक्यांच्या डोळ्यांत भरले. १५१० साली गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कने पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, मलाक्का जिंकले आणि तेथील सुलतानशाही संपविली. १६४१ मध्ये पोर्तुगीजांकडून ते डच लोकांनी घेतले. १७९५ मध्ये, युरोपातील लढायांच्या धामधुमीत, ते इंग्रजांच्या हाती गेले. झेंडे बदलत गेले आणि रयतेला कोणी विचारले नाही. अशा ह्या गावात, इंग्रज आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १७९६ साली अब्दुल्लांचा जन्म झाला.

त्यांचे घराणे समुद्रानेच तेथे आणले होते. पणजोबा येमेनचे अरब. ते दक्षिण हिंदुस्थानात नागोर येथे येऊन स्थायिक झाले. त्यांच्या मुलांपैकी काही पुढे पूर्वेकडे गेले आणि त्यांतील एक मलाक्कात राहिले. तेच अब्दुल्लांचे आजोबा. अरब, तमिळ आणि मलाय असे तिन्ही प्रवाह त्या घरात एकत्र आले होते. अब्दुल्लांच्या आधी झालेली चार भावंडे लहानपणीच दगावली होती. साहजिकच आईचा जीव ह्या मुलात अडकलेला, आणि मूलही अशक्त व सारखे आजारी पडणारे.

आता पालकांनी, विशेषतः माताभगिनींनी, लक्ष द्यावे अशी गोष्ट सांगतो. अब्दुल्लांची आजी स्वतः शिक्षिका होती. मलाक्काच्या त्यांच्या वस्तीत तिची शाळा होती आणि तिच्यापाशी सुमारे दोनशे मुले-मुली शिकत असत. कोणी कुरआन शरीफ वाचण्यास शिके, कोणी मलाय भाषेत लिहिण्यास. दोनशे वर्षांपूर्वी, समुद्रकाठच्या एका साध्या मुस्लिम वस्तीत, एक स्त्री मुलांना आणि मुलींना शिकवीत होती आणि त्यात कोणाला वावगे वाटत नव्हते! अब्दुल्लांच्या हातात पहिली पाटी आली ती ह्याच शाळेत.

वडील अब्दुल कादिर हे जाणते पण फार कडक. मुलाने एखादी ओळ चुकीची लिहिली की ती पुन्हा लिहावी लागे. मुलगा शाळेतून आला की खेळायला जाण्याऐवजी त्याला नक्कल करण्यास बसवीत. अब्दुल्लांना तेव्हा त्याचा राग येई. पुढे मोठेपणी त्यांनी कबूल केले आहे की, आपल्या हाताला जे वळण लागले ते वडिलांच्या धाकामुळे. कुरआन वाचून झाल्यावर त्यांना तमिळ शिकण्यास घातले, कारण मलाक्काच्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या त्या काळी तमिळमध्ये असत. त्यात अडीच वर्षे गेली.

पुढे मलाक्काच्या किल्ल्यातील शिपायांशी त्यांचा संबंध आला. इंग्रजांच्या त्या फौजेत हिंदुस्थानी मुसलमान शिपाई होते. ह्या कोवळ्या वयाच्या मुलाकडून ते कुरआन शिकू लागले, आणि त्यांच्याकडून त्याने हिंदुस्थानी भाषा शिकून घेतली. शिपायांनीच त्याला मुन्शी म्हणण्यास सुरुवात केली. आपल्या देशातील साध्या शिपायांनी दिलेली ती पदवी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. एका हाताने शिकवायचे आणि दुसऱ्या हाताने शिकायचे हा धडा त्यांना येथे मिळाला आणि तो त्यांनी जन्मभर सोडला नाही.

१८०७ साली त्यांनी एक दृश्य पाहिले. मलाक्का आज ना उद्या डच लोकांना परत द्यावे लागेल, तेव्हा शत्रूच्या हाती भक्कम किल्ला कशाला ठेवा, असा विचार करून इंग्रजांनी तो जुना पोर्तुगीज किल्ला पाडावयास घेतला. कुदळी-फावड्यांनी तो दाद देईना. शेवटी सुरुंग लावले. हत्तीएवढाले दगड हवेत उडून समुद्रात पडताना अकरा वर्षांच्या अब्दुल्लाने पाहिले. गावाची शोभा गेली म्हणून लोक हळहळले, आणि ती हळहळ पुढे अब्दुल्लांच्या लेखणीतून कागदावर उतरली.

१८१० मध्ये स्टॅम्फर्ड रॅफल्स हा इंग्रज अधिकारी मलाक्कात आला. जावा बेटावर स्वारी करण्यापूर्वी आसपासच्या मलाय राजांशी पत्रव्यवहार करणे त्याला जरूर होते. त्यासाठी त्याने लेखनिक नेमले. त्यांत सर्वांत लहान होता अब्दुल्ला. तेथे त्याने दोन गोष्टी पाहिल्या. राजाला पत्र कसे लिहावे, कोणत्या शब्दाने मान राखावा, ही मलाय दरबारी रीत एक. दुसरी गोष्ट अधिक खोल होती. हा परका माणूस मलाय भाषेतील जुनी हस्तलिखिते गोळा करीत होता. लोक ती आनंदाने आणून देत, विकत. ज्या वस्तूंची घरात कोणाला किंमत नव्हती, त्यांची किंमत परक्याला कळली होती.

ह्या हस्तलिखितांचे पुढे काय झाले? १८२४ साली रॅफल्स मायदेशी निघाला. सुमात्राच्या किनाऱ्यावरून निघालेले त्याचे फेम नावाचे जहाज पहिल्याच रात्री पेटले. माणसे वाचली, पण सारा संग्रह जळाला. अब्दुल्लांना ही बातमी कळली तेव्हा ते फार कष्टी झाले, कारण त्यांतील कित्येक ग्रंथांची दुसरी प्रत कोठेच उरली नव्हती. आपला ठेवा आपण जपला नाही तर तो दुसऱ्याच्या जहाजावर चढतो, आणि त्या जहाजाचे जे होईल ते त्या ठेव्याचेही होते.

वाचकहो, अब्दुल्लांचे पुढील सारे आयुष्य ह्या एका दुःखाचे उत्तर शोधण्यात गेले असे मला वाटते. त्यांच्या ध्यानात आले होते की मलाक्कात अरबी शिकण्यास गुरू आहे, तमिळ शिकण्यास गुरू आहे, पण मलाय शिकविणारा कोणी नाही. ती तर घरची भाषा, ती काय शिकायची, असे लोक म्हणत. अब्दुल्लांनी हे मानले नाही. जुनी पत्रे, जुन्या कथा मिळतील तेथून मिळवून त्यांनी वाचल्या. जाणत्या वृद्धांच्या पायाशी बसून शब्दांचे अर्थ विचारले. जी भाषा सर्वांना येते असे सर्वांना वाटत होते, ती त्यांनी मेहनत करून शिकली.

१८१५ मध्ये विल्यम मिल्न हे ख्रिस्ती मिशनरी मलाक्कात आले आणि अब्दुल्ला त्यांना मलाय शिकवू लागले. ह्या मिशनरी मंडळींकडून ते इंग्रजी शिकले. त्यांच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासून छपाईचे कामही शिकले. मलाय भाषा त्या काळी अरबी वळणाच्या जावी लिपीत लिहीत. त्या लिपीत छपाई करणारे ते पहिल्या मलाय मंडळींपैकी एक होत.

गावात मात्र कुजबुज सुरू झाली. इंग्रजी शिकला म्हणजे दीन सोडणार, असे लोक घरी येऊन सांगू लागले. घरच्यांच्या मनाला घोर लागला. त्यांच्या माघारी लोक त्यांना अब्दुल्ला पाद्री म्हणू लागले. हा टोमणा त्यांनी कित्येक वर्षे सोसला. पण पुढे काय झाले ते पाहा. इंग्रजी शिकूनही ते शेवटपर्यंत मुसलमान राहिले आणि हजच्या वाटेवर निघाले. बायबलच्या मलाय भाषांतरात त्यांनी भाषेपुरती मदत केली, तेव्हा शब्द मलाय पण वाक्य इंग्रजी अशी रचना पाहून ते त्या साहेबांशी हुज्जत घालीत. नोकरी त्यांची होती, पण भाषेच्या बाबतीत ते कोणाची भीड धरीत नसत.

१८१९ च्या फेब्रुवारीत रॅफल्सने सिंगापूर बेटावर वखार घालण्याचा करार सुलतान हुसेन आणि तेमेंगोंग अब्दुर रहमान ह्या मलाय अधिपतींशी केला. थोड्याच दिवसांत अब्दुल्लाही तेथे गेले. तेव्हा ते एक लहानसे खेडे होते. किनाऱ्यावर चाचेगिरीत मारल्या गेलेल्यांच्या कवट्या सापडत. उंदीर इतके माजले होते की मारलेल्या उंदरामागे बक्षीस लावावे लागले. पण बंदरात जकात नाही असे जाहीर झाले आणि डचांच्या करांना कंटाळलेली गलबते तिकडे वळली. बुगी, चिनी, अरब, हिंदुस्थानी, सारे आले. १८२४ च्या पहिल्या खानेसुमारीत तेथे १०,६८३ माणसे भरली. ह्या गर्दीत प्रत्येकाला दुसऱ्याची भाषा समजावून सांगणारा माणूस हवा होता. अब्दुल्ला पत्रे लिहीत, करारांचे अर्थ सांगत, इंग्रज व्यापाऱ्यांना मलाय शिकवीत.

त्याच बंदरातले काळे व्यवहारही त्यांनी टिपले. गुलामांनी भरलेल्या बुगी गलबतावर ते गेले होते. तेथे बायका-मुलांना जनावरांसारखे वागविले जात होते, त्यांचा बाजार मांडला होता. हे सारे त्यांनी काही न लपविता लिहिले. विकणारेही मुसलमान होते म्हणून त्यांनी गोष्ट झाकली नाही.

आणि मग १८२४ चा करार. २ ऑगस्ट रोजी सुलतान आणि तेमेंगोंग यांनी सिंगापूरचे सारे हक्क कायमचे इंग्रज कंपनीला लिहून दिले. सुलतानाला ३३,२०० डॉलर रोख आणि महिना १,३०० डॉलर, तेमेंगोंगला २६,८०० रोख आणि महिना ७०० डॉलर, असा तो व्यवहार होता. तत्पूर्वी त्यांचा मासिक तनखा अडवून त्यांना टेकीस आणले होते, असे अब्दुल्ला सांगतात. पाच वर्षांपूर्वी वखारीपुरती परवानगी दिलेली, आता बेटच गेले. तोफेचा एक गोळाही उडाला नाही. कागद, शाई आणि मोहोर यांनी काम झाले. विद्यार्थी मित्रहो, तलवारीने गेलेल्या राज्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचतो. कागदावर गेलेल्या राज्यांच्या गोष्टीही वाचावयास हव्यात.

१८३८ मध्ये सिंगापूरच्या व्यापाऱ्यांचा माल केलांतानमध्ये तेथील यादवीमुळे अडकून पडला. तो सोडविण्यासाठी पत्रे घेऊन अब्दुल्ला गलबतातून पूर्व किनाऱ्याने निघाले. चाच्यांची भीती पावलोपावली होती. पाहांगमध्ये त्यांनी सोने आणि कथील देणारी जमीन पाहिली, आणि त्याच जमिनीवर दरिद्री माणसे पाहिली. कारण विचारले तेव्हा कळले की, कोणी कष्टाने दोन पैसे मिळवून चांगले घर बांधले की राजाची माणसे काही निमित्त काढून ते हिरावून घेतात. मग कष्ट कोण करणार? पोरासोरांच्याही कमरेला शस्त्रे होती, पण आपली भाषा लिहिण्यास शिकविणारी शाळा दिसेना. परतल्यावर त्यांनी प्रवासाची हकीकत लिहिली आणि छापली. आपल्याच राजांना त्यांनी त्यात स्पष्ट शब्दांत दोष दिला आहे.

त्यांची इतर कामेही थोडी नाहीत. आपल्या पंचतंत्राच्या गोष्टी १८३५ मध्ये त्यांनी तमिळमधून मलाय भाषेत आणल्या. मलाक्काच्या सुलतानांचा जुना इतिहास, जो सेजारा मलायू नावाने प्रसिद्ध आहे, तो त्यांनी १८४० च्या सुमारास छापून काढला. हस्तलिखित जळू शकते, पण छापलेल्या शेकडो प्रती एकदम जळत नाहीत, हे ते जाणून होते.

घरात मात्र दुःखे आली. सिती लेला ही लाडकी मुलगी गेली. पत्नीचे दुःख आवरेना, तेव्हा तिच्या सांत्वनासाठी त्यांनी एक लहानसे पुस्तक लिहिले आणि त्याला हृदयाचे औषध अशा अर्थाचे नाव दिले. १८४० मध्ये पत्नीचेही निधन झाले. त्याच सुमारास अल्फ्रेड नॉर्थ ह्या अमेरिकन स्नेह्याने त्यांना स्वतःचे चरित्र लिहिण्याचा आग्रह धरला. ते चरित्र, हिकायत अब्दुल्ला, १८४३ मध्ये लिहून झाले आणि १८४९ मध्ये शिळाप्रेसवर छापून निघाले. तोपर्यंतच्या मलाय कथांत राजे, पऱ्या आणि चमत्कार असत आणि लिहिणारा स्वतःचे नावही सांगत नसे. येथे प्रथमच एक सामान्य माणूस, मी पाहिले, मला असे वाटले, असे म्हणत उभा राहिला.

ह्याच काळातली आणखी एक गोष्ट. सिंगापूर नदीच्या मुखाशी एक प्रचंड शिळा होती आणि तिच्यावर कोणालाच वाचता न येणारा लेख कोरलेला होता. १८४३ मध्ये बांधकामासाठी इंग्रज अभियंत्याने ती सुरुंगाने उडविली. अब्दुल्लांना फार वाईट वाटले. जे आपल्याला आज वाचता येत नाही ते उद्या कोणाला तरी वाचता आले असते, हा त्यांचा विचार होता. तिचा एक तुकडा आज सिंगापूरच्या संग्रहालयात आहे, आणि त्यावरचा लेख अद्यापि कोणाला लागलेला नाही.

१८५४ मध्ये अब्दुल्ला हजच्या सफरीस निघाले. बरोबर कागद आणि लेखणी होतीच. आचेह, मलबार किनारा, तेथून अरबस्तान, असे ते लिहीत गेले. हेजाझच्या भूमीवर पोहोचल्यानंतर हजचे दिवस येण्यापूर्वीच त्यांना मृत्यूने गाठले. सफरनामा अपुरा राहिला.

त्यांच्यावर पुढे टीकाही झाली, आणि ती सांगितली नाही तर हे चरित्र अपुरे राहील. इंग्रजांची त्यांनी फार स्तुती केली, रॅफल्सचे दोष त्यांना दिसले नाहीत, आपल्या राजांना जो न्याय लावला तो साहेबांना लावला नाही, असे स्वातंत्र्याच्या काळातील मलाय विचारवंतांनी म्हटले. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्यांच्याकडून आपण शिकतो त्यांच्याविषयी आदर असणे रास्त, पण त्या आदराने डोळे झाकू नयेत. मात्र ही टीका करण्यासाठी लागणारा पुरावाही अब्दुल्लांनीच लिहून ठेवला आहे. किल्ला कसा पडला, तनखा कसा अडविला, शिळा कोणी फोडली, हे आपल्याला त्यांच्याच पानांतून कळते.

त्यांचा मुलगा महंमद इब्राहिम पुढे जोहोरच्या राज्यकारभारात मोठ्या हुद्द्यावर चढला आणि त्यानेही आपले प्रवास लिहून ठेवले. २०१९ साली सिंगापूरच्या स्थापनेला दोनशे वर्षे झाली, तेव्हा नदीकाठी रॅफल्सच्या पुतळ्याजवळ ज्यांचे पुतळे उभारले त्यांत हा अर्जलेखक मुन्शीही होता.

पालक बंधू-भगिनींनो, मूल इंग्रजी शिकले तर आपले राहील काय, आणि मातृभाषेत शिकले तर पोट भरेल काय, हे दोन प्रश्न आपल्यालाही रात्री झोपू देत नाहीत. मलाक्कातील एका घराने हे दोन्ही प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी सोसले. त्या मुलाने अरबी, तमिळ, हिंदुस्थानी, मलाय आणि इंग्रजी ह्या पाच भाषा मिळविल्या, आणि त्यांतील एकीनेही दुसरीला घराबाहेर काढले नाही. आजीची शाळा होती, बापाचा धाक होता आणि मुलाची चिकाटी होती. ह्यांतील काहीही पैशाने विकत आणलेले नव्हते.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. घरी आजी-आजोबा असतील तर ह्या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा. कोणी जहाजावर खलाशी असेल, कोणी परमुलखात दुकान मांडले असेल, कोणी पहिली शाळा काढली असेल. ते जे सांगतील ते तारीख घालून एका वहीत लिहून ठेवा. अब्दुल्लांनी आपल्या लोकांसाठी हेच केले होते.